सापडलं की थांबायचं

रोहिणीनं कर्सर ‘ब्रेक’च्या ओळीवर नेला आणि त्यातली पाच इंग्रजी अक्षरं एकेक करून पुसली. मग प्रोग्राम पुन्हा चालवला.

ओ निगेटिव्ह. पडद्यावर चार नावं आली. पहिलं धारूरच्या बंकटचं. दुसरं छबुबाईंचं.

छबुबाई मागच्याच बाकावर शेंगा फोडत बसल्या होत्या. रोहिणीचे वडील, आप्पा, गेल्यापासून शेजारधर्म म्हणून त्या रोज दुपारी तिच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये येऊन बसत.

“त्या डबड्याकडं बघून बघून डोळे जातील की गं. काय दिसतंय एवढं?”

“काही न्हाई, काकू.”

प्रोग्राम तिनंच पायथनमध्ये लिहिला होता, क्लासमधल्या मुलांचा बैठक क्रमांक शोधायला. क्रमांक एकाचाच असतो. सापडला की पुढं बघायचं नाही, लूपमधून बाहेर. माजलगाव आणि आसपासच्या गावांतल्या रक्तदात्यांची यादी हाती आली तेव्हा तिनं तोच उचलला, क्रमांकाच्या जागी रक्तगट घातला. ती ‘ब्रेक’ची ओळ मात्र तशीच राहिली, आणि पहिलं नाव सापडलं की प्रोग्राम तिथंच थांबू लागला.

मागच्या महिन्यात आप्पांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं, ओ निगेटिव्ह रक्त लागलं, तिचा रक्तगट जुळला नाही, तेव्हा क्लासचे मालक मोहनराव प्रोग्राम चालवून फोनवर म्हणाले होते, “एकच नाव दाखवतंय, बाई.”

“मग एकच असेल,” ती म्हणाली होती. “माझा प्रोग्राम चुकत नाही.”

जीप धारूरला गेली. बंकट ऊसतोडीला कर्नाटकात होता. जीप परत यायच्या आत आप्पा गेले.

दार ढकलून मोहनराव आत आले.

“रोहिणी, यादी काढ. इथल्या दवाखान्यात एक बाई बाळंतपणात अडलीय. ओ निगेटिव्ह पाहिजे. जीप भाएर उभी हाय.”

तिसरं आणि चौथं नाव लांबच्या गावांचं होतं. तरी काकूंचं नाव गाळून तेवढीच सांगता आली असती. तिनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“चार आहेत, सर.”

“चार? आप्पांच्या वेळंला तर...”

“तेव्हाही चारच होती. मी चुकले होते. दुसरं नाव काकूंचं आहे.”

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. छबुबाईंनी पडद्याकडं पाहिलं. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

“त्या दिवशी मी दिवसभर घरीच व्हते गं.”



छबुबाईंनी पदर झटकला, चपला घातल्या. उंबऱ्याशी जाऊन त्या वळल्या.

“ऊठ की. सुईचं लई भ्याव वाटतं मला. हात कोन धरील?”