घरची बॅटरी

माझी आई आणि माझा नवरा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही, रीत आहे. आई त्यांना ‘पावणं’ म्हणते, आणि पावण्याला तोंडावर काही ऐकवायचं नसतं. ते तिला ‘मामी’ म्हणतात, आणि मामीला तोंडावर नाही म्हणायचं नसतं. त्यामुळे लग्न झाल्यापासून दोघांचं सगळं बोलणं माझ्यातून जातं. मी त्यांच्यामधली वायर. नवऱ्याचं नाव कुंडलिक. लिहिताना घेते, समोर ‘अहो’.

आई म्हणजे कुशाबाई, तळेघरची. जन्मभर चुलीपुढे बसून तिच्या छातीत धूर साठला, तो डॉक्टरांना फोटोत दिसला. त्यांनी चूल बंद केली आणि रात्री झोपताना लावायला ऑक्सिजनचं मशीन दिलं. हे मशीन खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन गाळतं, पण त्याला रात्रभर वीज लागते. म्हणून तिला आम्ही शिनोलीला आमच्याकडे आणलं. मशीनशी तिचं जमलं, शिनोलीशी काही जमेना. आषाढ जवळ आला, भाताच्या लावणीचे दिवस आले, तसा तिनं धोशा लावला, “आवणीला मी माज्या खाचरात पायजे.”

आता, पावसात तळेघरची लाईट गेली की भीमाशंकरला दर्शनाला गेल्यासारखी जाते. कधी परतायचं ते तिच्या मनावर.

“मामींना विचार, मशीन कशावर चालवायचं?” कुंडलिक म्हणाले. मामी तिथेच हातभर अंतरावर लसूण सोलत होत्या.

“पावण्यांना म्हणावं, गाडी हाय की.”

गाडी होती खरी. कुंडलिकनी बरीच वर्षं टेम्पो ट्रॅव्हलरमधून भाविक नेले-आणले. धंदा सोडल्यावर गाडी विकवेना, म्हणून सीट काढून आत पलंग, ओटा, पंखा, इंडक्शनची शेगडी असं घर केलं. गावात तिला ‘घरगाडी’ म्हणतात. हौसेनं आम्ही मढवरून माळशेजला गेलो, तर पहाटेच्या आत पंखा म्हातारा झाला. पलंगाखाली इन्व्हर्टरच्या दोन जुन्या बॅटऱ्या होत्या, शिशाच्या. भरायला अख्खा दिवस घ्यायच्या आणि निम्म्यातच मान टाकायच्या. वर त्यांचा तो आंबट वास. आईला त्यावर झोपवायचं म्हणजे धुरातून काढून ॲसिडात ठेवायचं.

मी नववी पास. पुढचं सगळं शिक्षण मोबाईलवर. भाजी निवडता निवडता मी हिंदी व्हिडिओ पाहायला लागले. लोक घरगाड्यांतल्या शिशाच्या बॅटऱ्या काढून लिथियमची बसवत होते. तिला वास नाही, वजन निम्म्याहून कमी, जवळजवळ शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येते आणि भरतेही झटपट. मी ठरवलं, हीच बसवायची.

“आये, मोठी बॅटरी घेतेय तुझ्यासाठी.”

“केवढी मोठी? बिबट्याच्या डोळ्यात मारायला?”

आमच्याकडे बॅटरी म्हणजे हातातली. मी तिला समजावलं की गाडीत दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन चालू करायची, ती गाडीची. दुसरी दिवे, पंखा, मशीन चालवायची, तिला व्हिडिओत ‘हाऊस बॅटरी’ म्हणतात. म्हणजे घरची. हे भाषांतर मला पुढे महागात पडणार होतं.

कुंडलिकनी एकच अट घातली. “मामींना सांग, तिथे मशीनची वीज एकदा जरी गेली, तर त्याच पावली खाली शिनोलीला. मग आवणी अर्धी असो का पाव.”

“पावण्यांना म्हणावं, कबूल.”

घोडेगावात नथमलशेटचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. काउंटरवर त्यांचा नातू पीयूष असतो.

“ताई, शिशाची ट्यूब्युलरच घ्या. सगळे तीच नेतात.”

“सगळ्यांच्या आया तिच्यावर झोपत नाहीत, पीयूष.”

त्यानं पुण्याहून लिथियमची मागवली आणि बसवायला स्वतः आला. म्हणाला, “मी पण पहिल्यांदाच बघतोय, आपण मिळून शिकू.” जुन्या बॅटऱ्या काढताना दोघा पुरुषांची कंबर बोलली. खालची फळी ॲसिडनं खाल्ली होती, ती बदलली. नवी पेटी मी एकटीनं उचलून पलंगाखाली सरकवली आणि कुणी पाहिलं का ते पाहिलं. कुंडलिकनी पाहिलं होतं.

पण मग ते म्हणाले, “आता इंजिनच्या डायनामोची वायर जोडून टाक. आधी होती तश्शी.”

“तश्शी नाही जोडायची. जुनी घोट घोट प्यायची. ही तांब्या तोंडाला लावते. डायनामो जळेल. मध्ये चार्जर लागतो, तिला मोजून पाजणारा.”

पीयूषनं मान हलवली. “बरोबर आहे ताईंचं. पण तो चार्जर यायला आठवडा लागेल.”

“आवणी आठवडाभर थांबते का?” कुंडलिक पकड घेऊन वाकले.

मी पलंगाखाली हात घालून पेटी बाहेर ओढली आणि तिच्यावर बसले. “चार्जर आल्यावर उठेन.”

“राव, हिला जेवण इथेच आणून द्यायचं का?” त्यांनी पीयूषला विचारलं. पण पकड ठेवली.

चार्जर आला. घरच्या लाईटवर भरायचा जुना चार्जरही आम्ही शिशावरून लिथियमवर लावून घेतला. मग आमच्या अंगणातच आईला एक रात्र गाडीत झोपवलं. सकाळी छोट्या पडद्यावर बॅटरी अजून पावभर शिल्लक दाखवत होती. कुंडलिकनी पडदा पाहिला आणि “बघू” म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘बघू’ म्हणजे पहिला वर्ग.

तळेघरला गाडी आईच्या दारात लागली आणि आईचा चेहरा मोकळा झाला. लाईट तासभर जरी आली तरी मी वायर लावून बॅटरी भरून घ्यायची. नाही आली तर कुंडलिक गाडी काढून लांब फेरी मारून आणायचे, कारण टपावरचं सोलर त्या ढगात नावालाच होतं. रात्री मशीन गुरगुरत राहायचं. असं करत निम्मी खाचरं लावून झाली.

मग मोठ्या खाचराचा दिवस आला. आमच्याकडे आवणी सावडीनं होते. आज तुझ्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तू. मजुरी नाही, फक्त ज्याचं खाचर त्यानं सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं. आईला वाकता येत नव्हतं, म्हणून तिच्या वाटची मी चिखलात उभी. कुंडलिक कुणाच्या तरी मोटरसायकलवर तिची औषधं आणायला घोडेगावला गेलेले. आई गाडीत, शेगडीपाशी.

जेवणं उशिरा झाली. बाया पुन्हा खाचरात उतरल्या आणि मी भांडी ठेवायला गाडीत शिरले. दिवा लागेना. पंखा लागेना. पडदा काळा.

“मगाशीच लाईट गेली बग गाडीची,” आई म्हणाली.

ओट्यावर मोबाईलची रांग होती. खाली चार्जिंगचे दिवे, हातातल्या बॅटऱ्या, कुणाचा तरी रेडिओसुद्धा. शेगडीवर सावडीच्या भाताचं मोठं पातेलं.

“आये, हे कुणाचं?”

“सावडीच्या बायांचं. चार रोज लाईट न्हाई गावात. ठमाबाई म्हणली, लावू का? म्या म्हणलं, लाव की, घरची बॅटरी हाय.”

“आणि भात, आमटी सगळं ह्याच शेगडीवर?”

“मग? चूल तर डाक्टरनं बंद केली. सावडीला उपाशी धाडू?”

ती प्रत्येक बाबतीत बरोबर होती, हाच घोटाळा होता. तळेघरात जे घरचं, ते दारात येईल त्याचं. घरचं ताक, घरचं पाणी, घरची बॅटरी. गाडीची म्हणाले असते तर कुणी हात लावला नसता.

बॅटरी मेली नव्हती. अगदी तळाला गेली की ती स्वतःला वाचवायला दार बंद करून घेते, चार्ज मिळाला की उघडते, एवढं मला माहीत होतं. पण गावात लाईट नव्हती, आणि झोपायच्या आत मशीनपुरती वीज हवी होती.

तेवढ्यात कुंडलिक आले. त्यांनी पडदा पाहिला, मोबाईल पाहिले, पातेलं पाहिलं.

“मामींचं सामान भर.”

“पावण्यांना सांग, आजून दोन खाचरं—”

“मी कुणालाच काही सांगणार नाही,” मी म्हणाले. “दोघं समोरासमोर आहात. बोला.” आणि दारातल्या पायरीवर बसले.

टपावर पाऊस वाजत होता. मग आईनं पदर सारखा केला.

“कुंडलिक,” ती म्हणाली. नावानं. मी वळून पाहिलं. “आख्ख्या मुलखाला तू देवापत्तुर नेलंस. अर्ध्या वाटंत कुनाला उतरिवलंस का?”

ते पावसाकडे बघत म्हणाले, “मामी, रात्री तुमचा श्वास अडकला तर मी हिला काय तोंड दाखवू?”

अट का घातली होती, ते मला तेव्हा कळलं. आईलाही कळलं असावं. तिनं त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला. तो थंड होता, पण त्यांनी प्यायला.

“अट तर मोडली,” ते म्हणाले. “आणि बॅटरी भरायला तीन-चार तास गाडी चालवावीच लागणार. दारात चालू ठेवली तर धूर मामींच्या छातीत. मग चालवायचीच तर खाली चालवू.”

“मशीन अजून बंद पडलेलं नाही,” मी म्हणाले. “ते रात्री लागतं. खाली नाही जायचं. भीमाशंकरपर्यंत वर, मग परत, पुन्हा वर. झोपायच्या वेळेला पडद्यावर रात्रीपुरती वीज दिसली तर इथेच मुक्काम. नाही दिसली तर मी स्वतः सामान भरते, आईसकट.”

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “आणि उद्या परत पातेलं चढलं तर?”

“नाही चढणार. आये, हे फोन आत्ता निघतील. शेगडी बंद. उद्यापासून सावडीच्या बाया भाकरी घरून आणतील.”

आई उठूनच उभी राहिली. “माज्या खाचरात राबायचं आन घरची भाकर खायाची? माज्या जिवात जीव हाय तवर न्हाई.”

“तोच जीव राहावा म्हणून म्हणतेय.”

“म्या न्हाई सांगनार बायांना.”

“तूच सांगायचं. मी सांगितलं तर म्हणतील, लेकीनं अन्न तोडलं.”

 एका बाजूला दोन खाचरं होती आणि दुसऱ्या बाजूला जन्मभराचा मान. तिनं पावसाचं इरलं डोक्यावर घेतलं, धापा टाकत बांधापर्यंत गेली, आणि खाचरातल्या बायांना मोठ्यानं म्हणाली, “ऐका गं! उद्याच्याला जेवान न्हाई माज्याकडं. भाकरी घिऊन या. यायचं तर या, न्हाय तर नका येऊ!”

सगळ्या वाकलेल्या होत्या, त्या ताठ झाल्या. ठमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बरं झालं बाई. आज तुजा भात पार कच्चा व्हता.”

“कच्चा व्हता तर दोनदा कशाला घेतलास?”

“सावडीचा मान म्हणून गिळला, कुशे!”

खाचर हसलं. आई हसली नाही. येऊन गाडीत पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, “चला. लाव तुजं इंजान.”

कुंडलिकनी चावी फिरवली. थोड्या वेळानं पडदा उजळला आणि बॅटरीनं दार उघडलं. मी मागे पलंगावर बसून आकडा चढताना बघत होते. एक टक्का, मग दोन, मग पाच. धुक्यातून आम्ही वर गेलो, वळलो, आलो, पुन्हा गेलो. वाटेतला चहावाला तिसऱ्यांदा दिसलेल्या आम्हाला हात करायला लागला. मधला चार्जर हाताला गरम लागत होता, पण डायनामोचा जळका वास नव्हता. आई पुढे बसून कुणाचं खाचर लावून झालं, कुणाचं राहिलं ते कुंडलिकना सांगत होती, आणि ते “हो मामी, हो मामी” करत होते.

दारात परत आलो तेव्हा पडद्यावर पाऊणच्या जरासा वर आकडा होता. हिशोबानं पहाटेपर्यंत पुरणार होता, काठावर. कुंडलिकनी पडदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि उतरून चाकांमागे दगड लावले.

मशीन पहाटेपर्यंत गुरगुरलं. उजाडताच त्यांनी पुन्हा गाडी फिरायला काढली.

शेवटच्या खाचराला सगळ्या बाया आल्या, प्रत्येकीच्या कमरेला भाकरीचं फडकं. आई बांधावर इरल्यात बसून मला ओरडत होती, “उज्जे, रोपांची वळ वाकडी चाललीय! दारू पिऊन लावतीस का?” दुपारी फडकी सुटली. प्रत्येकीनं भाकरीचा एकेक तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिनं घेतला, खाल्ला, आणि “मीठ कमी हाय” एवढंच ठमाबाईला ऐकवलं. आम्ही पुन्हा चिखलात उतरलो.

काठाशी एक चिंचोळी पट्टी उरली होती. मी तिकडे निघाले तर आईनं हातानंच मला थांबवलं. बसल्या जागेवरून तिनं रोपाची मूठ सोडली, हात पोचेल तिथवर एकेक काडी चिखलात खोचली, धाप लागली तेव्हा थांबली, आणि पुन्हा खोचली. आम्ही सगळ्या उभ्या राहून बघत होतो. तेवढीच जागा राहिली होती.