डावीकडे सहा इंच

ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी लोरेटा रायफल घेऊन बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात आली, तेव्हा रेनो पेल्टो कुणाच्या तरी रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू आवळत होता. हरणांचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला उघडायचा. त्याआधीच्या तीन आठवड्यांत मिशिगनच्या वरच्या टोकाच्या त्या गावातल्या निम्म्याअधिक रायफली रेनोच्या हाताखालून जायच्या. एकेचाळीस वर्षं त्याचा एकच शिरस्ता होता. रायफल तपासताना मालकाकडे बघायचं नाही. माणूस आवडता असो की नावडता, रायफल जशी आहे तशी सांगायची. गावात त्याच्या शब्दाला किंमत होती ती यामुळेच.

"विकायचीय," लोरेटा म्हणाली. "बाबांची आहे. किती येतील तेवढं सांगा."

तिचे वडील, वर्नर, ऑगस्टमध्ये गेले होते. अंत्यविधीला रेनो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला होता आणि नंतरच्या कॉफीला न थांबता निघून आला होता.

काउंटरपाशी ओनी कांगास मांस-बटाटा भरलेली पास्टी खात बसला होता. रेनो, ओनी आणि वर्नर तिघंही शिकारीच्या एकाच कॅम्पचे. कॅम्प म्हणजे दलदलीच्या कडेला बांधलेली लाकडी खोली, सहा पलंग आणि मागे वाफेच्या अंघोळीचा एक सौना. ओनीने रायफलीकडे पाहून मान हलवली.

"ही रायफल कुठली? हे वल्हं आहे. प्लास्टिकचं."

"मी घेतलीय ती, ओनी," लोरेटा म्हणाली.

"मग वल्हं चांगलं आहे."

ती हसली नाही. वर्नरची जुनी, अक्रोडाच्या दस्त्याची रायफल गाडीतून चोरीला गेली, तेव्हा त्याच्या बहात्तराव्या वाढदिवसाला लोरेटाने ही घेतली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईला परवडेल अशी. मोठ्या दुकानातून, दुर्बिणीसकट साडेतीनशे डॉलरला.

"स्वस्त म्हणजे वाईट असं नसतं, ओनी," रेनो म्हणाला आणि त्याने रायफल हातात घेतली.

गोळी भरायचा बोल्ट मागे ओढताना थोडा खरखरला. या किमतीच्या सगळ्याच खरखरतात. बंद झाल्यावर मात्र घट्ट बसला. नळी त्याने दिव्यासमोर धरली. आतले पीळ स्वच्छ, नळीच्या तोंडाला कुठे ओरखडा नाही. चाप हलका आणि नेमका सुटत होता. लोखंडावर तेलाचा पातळ हात होता. वर्नर शेवटची पाच वर्षं शिकारीला गेला नव्हता, तरी तेल अलीकडचं होतं.

राहिला दस्ता, नळी ज्यात बसते ते लांब प्लास्टिक. रेनोने डॉलरची नोट नळी आणि दस्ता यांच्यामधल्या फटीत सरकवली आणि टोकापासून मागपर्यंत ओढत नेली. कुठे अडली नाही. नळी मोकळी होती. नळी मोकळी असली की गोळी सरळ जाते.

"दोनशे पंचवीस," तो म्हणाला. "पण एकदा आतून पाहतो. गुरुवारी ये."

"तुम्ही मागेही पाहिली होतीत ना?"

"हो. पाहिली होती."

ती गेली. रेनो आणि ओनी, दोघांनाही वर्नरचे कॅम्पमधले शेवटचे हंगाम आठवत होते.

कॅम्पचा एक रिवाज होता. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा पाठीमागचा तुकडा कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला खिळ्याने ठोकायचं. तीस वर्षांत वर्नरचं एकही फडकं त्या भिंतीवर नव्हतं. नवी रायफल आली त्या वर्षी पहिलं लागलं. गोळी डावीकडून निघून गेली. दुसऱ्या वर्षी दुसरं लागलं; पुन्हा डावीकडूनच. वर्नरच्या डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणी लाकडाच्या गिरणीत गेली होती. "बोटं जिकडची गेली, गोळ्या तिकडेच त्यांना शोधायला जातात," असं ओनी म्हणाला आणि सगळ्यांबरोबर वर्नरही हसला. तिसऱ्या वर्षी गोळी हरणाला लागली, पण पोटात. तो आणि रेनो दोन दिवस रक्ताच्या मागावर दलदलीत फिरले. नर सापडला नाही. त्या वर्षी कात्री कुणीच काढली नाही.

त्यानंतर वर्नर ही रायफल घेऊन याच काउंटरशी उभा राहिला होता. "खरं सांग, रेनो. हिच्यात काही आहे का?"

रेनोने ती गावामागच्या खडीच्या खाणीत नेली, वाळूच्या पिशव्यांवर टेकवली आणि शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती. कागद त्याने वर्नरला दाखवला. "रायफल ठीक आहे, वर्नर." पुढचं त्याने बोलून दाखवलं नाही. वर्नरने कागदाची घडी खिशात घातली. तो पुन्हा कॅम्पला आला नाही.

पुढचं त्याने बोलून दाखवलं ते लोरेटाला. डिसेंबरात तिचा फोन आला. तुम्हाला काय वाटतं, बाबांना दिसत नाहीये का? रेनो म्हणाला, रायफलीत दोष नाही. मग हात तरी गेलाय, नाहीतर डोळे तरी. वसंत ऋतूत वर्नरची गाडी विकली गेली आणि तळ्याकाठचं घर बंद करून लोरेटाने त्याला गावातल्या दोन खोल्यांत आणलं.

संध्याकाळी रेनोने दस्त्याचे दोन स्क्रू काढले आणि नळी उचलून बाकावर ठेवली. नळीच्या उजव्या अंगाला, दस्त्याचं टोक येतं तिथे, काळा थर घासून गेला होता आणि खालचं पांढरं पोलाद दिसत होतं. करंगळीच्या नखाएवढी जागा. दस्त्याच्या आतही त्याच ठिकाणी प्लास्टिक चकचकीत झालं होतं.

कशालाही न टेकणारी नळी घासली जात नाही.

रेनोने रायफल पुन्हा जोडली, बाकाच्या कडेला उजव्या बाजूने टेकवली आणि डावीकडून तळव्याने दाबली. मऊ प्लास्टिक वाकलं. आता नोट त्या जागी अडली.

वर्नरचं मचाण त्याने शंभरदा पाहिलं होतं. लहान खिडकी, उजवीकडे लाकडी खांब. डाव्या हातात दस्ता धरून ठेवता येत नाही म्हणून वर्नर रायफल खांबाला लावायचा आणि तळव्याने दाबून धरायचा; दिवसातले आठ-आठ तास, सगळा हंगाम. अक्रोडाचा दस्ता वाकत नसे. पण वाळूच्या पिशवीवर रायफलीला बाजूने कुणीच दाबत नाही. वर्नरने नेम जुळवला तोही पिशवीवर, रेनोने तपासली तीही पिशवीवर. सगळं गाव तसंच करतं.

बुधवारी सकाळी तो ओनीला घेऊन खाणीवर गेला. आधी शंभर यार्डांवर, पिशवीवरून तीन गोळ्या. तिन्ही मधोमध. मग त्याने रायफल कुंपणाच्या खांबाला टेकवली, डाव्या हाताची दोन बोटं मुडपली आणि तळव्याने दाबली.

ओनी मोठ्या दुर्बिणीतून बघत होता. "डावीकडे," तो म्हणाला. "सहा इंच."

रेनोने नळी थंड होऊ दिली.

"डावीकडे. तेवढंच."

तिसरी गोळीही तिथेच गेली. दुर्बीण बाजूला करून ओनीने टोपी काढली, पुन्हा घातली.

"वर्नर दलदलीपलीकडे मारायचा. दीडशे यार्ड तर नक्कीच," तो म्हणाला. "तिथे नऊ इंच होतात."

"होतात."

"दुरुस्ती काय आहे हिला?"

"दस्ता आतून घासायचा. वाकला तरी लागणार नाही इतका. अर्ध्या तासाचं काम."

ओनी खडीत थुंकला. "तिला सांगू नकोस."

"ती विचारेल."

"ती दोनशे पंचवीस विचारेल. तेवढे दे आणि गप्प बस. अरे, सांगून कुणाचं भलं होणार? वर्नरचं? तो पडलाय वर टेकडीवर, कबरीत. पोरीने गाडी विकली, घर बंद केलं, ते काय मजा म्हणून? तू सांगितलंस म्हणून. आता जाऊन तिला सांग की म्हाताऱ्याचे डोळे शाबूत होते. मग रात्री झोप तू छान."

"मी झोपण्यासाठी नाही सांगणार."

"मग कशासाठी?"

रेनो भोकं पडलेले दोन्ही कागद उतरवायला निघाला.

गुरुवारी लोरेटा शाळेतून परस्पर आली. अंगात अजून स्वयंपाकघराचा पांढरा डगला होता. रेनोने दुकानाचं दार लावून घेतलं आणि दोन्ही कागद काउंटरवर ठेवले. मग रायफल खांबाऐवजी कपाटाला टेकवून, तळवा लावून, काय होतं ते तिला दाखवलं. तो हळू आणि क्रमाने बोलला. नळी उत्तम आहे. या किमतीत इतकी चांगली नळी क्वचित मिळते. दस्ता मऊ आहे, आणि तुझे बाबा जसे धरायचे तशा धरण्यात तो नळीला लागतो. दोष बाबांच्या हातात नव्हता. डोळ्यांतही नव्हता. मी रायफल तपासली, बाबांच्या हातातली रायफल तपासली नाही. चूक माझी आहे.

लोरेटाने कागद उचलून पाहिले.

"ते दुकानांच्या पाट्या वाचायचे," ती म्हणाली. "गाडीत बसले की. मोठ्याने. रस्त्याच्या पलीकडच्यासुद्धा, बारीक अक्षरातल्या. मला वाटायचं, पाठ आहेत म्हणून म्हणतात. मला फसवायला." तिने कागद खाली ठेवले. "मी त्यांना म्हटलं होतं, पुरे आता, बाबा. मला दिसतंय सगळं."

"लोरेटा—"

"आणि रायफल मी घेतलेली. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की रायफल वाईट आहे. तुमच्याकडे आणली ना, ते मला न सांगता आणली. मला लागेल म्हणून."

"रायफल वाईट नाहीये," रेनो म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या खऱ्या बोलण्याची लाज वाटली.

"नीट होते का?"

"होते."

"किती वेळ लागतो?"

तो थांबला. "अर्धा तास."

तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्याच्या बाकासमोर बसली. "करा."

"आत्ता? तू विकणार—"

"करा म्हटलं ना, रेनो."

त्याने स्क्रू काढले. नळी बाजूला ठेवली, दस्ता पकडीत बसवला, एका जाड दांडीला पॉलिश पेपर गुंडाळला आणि आतून घासायला सुरुवात केली. प्लास्टिकचा काळा भुगा त्याच्या मनगटांवर साचत गेला. बाहेरून कुणीतरी दाराची मूठ हलवली, काचेतून डोकावलं आणि निघून गेलं. लोरेटा त्याच्या हातांकडे बघत नव्हती. त्याच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होती. रेनोने काम लांबवलं नाही की घाई केली नाही. उजवी बाजू, डावी बाजू, टोक. जोडलं. तळव्याने पूर्ण जोर लावून दाबलं आणि नोट ओढली. नोट अडली नाही.

"सत्तावीस मिनिटं," लोरेटा म्हणाली.

तिने रायफल उचलून पिशवीत घातली, चेन ओढली आणि पट्टा खांद्यावर घेतला. किंमत तिने विचारली नाही. दाराला आतून कडी होती. ती तिला लवकर निघेना. रेनो काढायला पुढे झाला, तेव्हा तिने हात वर करून त्याला होता तिथेच थांबवलं, आणि कडी स्वतः काढली.