सा जागेवरच होता

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल. माझं लग्न होऊन वर्ष उलटलं होतं आणि वन्संच्या घशाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

वन्सं म्हणजे माझी नणंद. आमच्या ह्यांच्यापेक्षा लहान, माझ्यापेक्षा मोठी. स्टेशनसमोरच्या हॉटेलच्या तळमजल्यावर नाचाचा हॉल होता, तिथं शनिवार-रविवारी बँड वाजायचा. हे कीबोर्डवर आणि वन्सं गायला. त्यांचा आवाज इतका वर चढायचा की दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव न लिहिता नुसतं 'चिमणी' लिहीत. लोकांना तेवढं पुरायचं.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, जीव वाचवला. बोलणं परत आलं, जरा घोगरं. पण गाण्याचे सूर उरले तीनच: सा, त्याच्या खालचा नी आणि वरचा रे. रेच्या वर गेलं की नुसती हवा यायची आणि नीच्या खाली खरखर.

हॉलचा मालक माणूस वाईट नव्हता. त्यानं वन्संना तिकिटाच्या खिडकीत बसवलं. पण एके दिवशी घरी येऊन, दिलेला चहा न पिता म्हणाला, "नवी गायिका ठरवलीय. पुढच्या महिन्यात येतेय. त्याआधी चिमणीनं एक गाणं जरी उभं केलं ना, तरी स्टेजवरची जागा तिची. नाहीतर खिडकी आहेच."

तो गेल्यावर वन्संनी त्याचा चहा पिऊन टाकला. "खिडकीतसुद्धा गज आहेत," म्हणाल्या. "चिमणीला पिंजरा बरा शोधलाय."

ह्यांनी आधी सगळे करतात तेच केलं. पट्टी उतरवली. जुनी गाणी खाली, आणखी खाली. पण अडचण उंचीची नव्हतीच. गाण्याला फिरायला अंगण लागतं आणि वन्संकडे उरला होता उंबरठ्याएवढा तुकडा. प्रत्येक गाणं कुठेतरी त्या तुकड्याबाहेर पाय टाकायचं आणि तिथं हवा निघायची.

"दादा, आता काय तळघरात जाऊन गाऊ?" वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी कीबोर्डवर चादर टाकली. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

राहिला फक्त व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी एक सोपा सूर धरून 'हं' करायचं, घसा ताठू नये म्हणून. वन्सं खिडकीशी बसून, भाजीवाल्यांकडे बघत 'हं' करायच्या. तो सूर म्हणजे त्यांचा सा.

त्या सकाळी मी आत इस्त्री करत होते. बाहेर ह्यांनी चादर बाजूला केली होती, त्यांची बोटं पट्ट्यांवर उगाच चाळा करत होती. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वन्संचं 'हं' ऐकताना मला वाटलं, अगंबाई, यांचा आवाज चालायला लागला! आधी साधा होता, मग दुःखी झाला, मग कुठेतरी खोल गेला, मग अचानक उजळला. मी इस्त्री उभी करून बाहेर धावले.

"वन्सं! खाली-वर जाताय की तुम्ही!"

"मी?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी कुठं हलले? कधीपासून एकाच सुरावर बसलेय. वहिनी, तुझे कान इस्त्रीखाली आले का?"

हे मात्र हसले नाहीत. त्यांची बोटं पट्ट्यांवर तशीच थांबली होती. हळूच म्हणाले, "चिमणे, परत धर. आणि काहीही झालं तरी जागची हलू नकोस."

त्यांनी मला पट्ट्यांजवळ बोलावलं. तीन सूर एकदम दाबले. त्याला कॉर्ड म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. वन्संचं 'हं' त्यावर टेकलं, घरच्या खुर्चीत टेकावं तसं. "आता बघ," म्हणत ह्यांनी मधला गंधार तेवढा अर्धा सूर खाली घेतला. बाकी काही हलवलं नाही. आणि खोलीत कुणीतरी सगळे पडदे ओढून घेतल्यासारखं झालं. वन्संचा सा तोच होता, मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते, पण आता त्या सुराला काहीतरी ठाऊक होतं जे मघाशी ठाऊक नव्हतं.

मग ह्यांचा डावा हात जिना उतरायला लागला. सा, कोमल नी, कोमल ध. प्रत्येक पायरीवर वरचे सूर आपापली जागा बदलत होते. कोमल धवर पोहोचल्यावर वन्संचा तोच सा दूर आणि उजेडाचा वाटला, विहिरीच्या तळाशी उभं राहून वर बघितल्यावर आकाशाचा गोल तुकडा दिसावा तसा. बाई हलली नव्हती. तिच्या खालचे मजले उतरत होते.

शेवटची पायरी प. तिथं मात्र सा बसेना. खालच्या सुरांशी तो घासत होता, दुखत होता. हे थांबले, वन्संकडे बघत राहिले. आणि वन्सं, कुणी न सांगता, अर्ध्या सुरानं खाली उतरल्या. नीवर. सगळं जागच्या जागी बसलं.

आतून कापड जळाल्याचा वास आला तेव्हा कुठे मी धावले. साडीवर इस्त्री पडली होती. लग्नातली साडी होती ती, पण मला रडू आलं ते त्याचं नव्हे.

वन्सं मात्र लगेच तयार झाल्या नाहीत. "एका सुरावर गाणं? भोंगा आहे का मी?"

"भोंगा वाजला की अख्खं गाव जागं होतं," हे म्हणाले.

शेवटी शब्द वन्संनीच केले, तिकिटाच्या खिडकीत बसून:

मी इथेच आहे, मी इथेच आहे,
खालचे दिवे कुणी विझवत नेले?

ताल मशीनवर बांधायचा होता. ह्यांनी एक ताल वाजवणारी डबी आणली होती आणि आमचा ड्रमवाला तिला 'माझी सवत' म्हणायचा. त्याला सगळे भूकंप म्हणत, कारण तो बसला की स्टेज हलायचं. ह्यांनी डबीवर संथ ताल लावला. भूकंपनं कान लावून ऐकलं.

"हे काय, नळ गळतोय का?"

"मग तू सांग की."

त्यानं मांडीवर ठोके धरले, डोळे मिटून. "चौथ्या फेरीचा शेवटचा ठोका काढा. तिथं ताई खाली उतरते ना? तिथं काही नको. माणूस पाय टाकतो आणि जमीनच नाही, असं होऊ दे." आयुष्यभर फक्त बडवलेल्या माणसाला ठोका न देण्याची जागा इतकी अचूक सापडावी, याचं मला आजही नवल वाटतं. त्यानंतर सवतीशी त्याचं जमलं.

मालकानं तालमीत ऐकून कपाळाला हात लावला. "अरे, लोक नाचायला येतात. तुम्ही तर स्मशानशांतता लावलीत. शनिवारी एकदा करा, मग बघू."

शनिवारी संध्याकाळी मी हॉलमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभी होते. वन्सं खिडकी बंद करून तशाच आल्या, खांद्याला तिकिटांची पिशवी. माइकसमोर उभ्या राहिल्यावर पुढच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "चिमणी, उंच होऊ दे!" वन्संनी खांद्यावरची पिशवी चाचपली. मला वाटलं, संपलं.

मग डबीचा ताल सुरू झाला, ह्यांनी गंधार खाली घेऊन पडदे ओढले, आणि वन्संनी सा धरला.

जोड्या नाचत होत्या, त्या थांबल्या नाहीत. फक्त हळू झाल्या, पाण्यात चालल्यासारख्या. मजले उतरत गेले. प आला. सा घासायला लागला. तालमीत वन्सं इथं लगेच उतरायच्या. त्या दिवशी उतरल्याच नाहीत. धरून राहिल्या. भूकंपनं काठ्या हवेत धरल्या होत्या. ह्यांची बोटं पट्ट्यांवर रुतली होती. सगळा हॉल, नाचणारे, वेटर, सगळे एका बाईनं अर्धा सूर खाली यावं म्हणून श्वास रोखून उभे. दोन पट्ट्यांमधली ती फट, बोटाच्या पेराएवढीही नाही. तिच्यात इतकी माणसं कशी मावली होती, देव जाणे.

त्या उतरल्या. माझ्या शेजारी मालक उभा होता. त्यानं खिशातून रुमाल काढला, नुसताच उलगडला आणि पुन्हा घडी घालून ठेवला.

नवी गायिका ठरल्याप्रमाणे आली. शब्द दिलेला होता आणि पोरगी छान गायची. पण दर शनिवारी एक गाणं वन्संचं राहिलं. सातपर्यंत तिकिटं, मग खिडकी बंद, मग स्टेज. पाटीवर दोघींची नावं असायची. फक्त वन्संच्या जागी आता 'चिमणी' नसायचं, त्यांनी पुसायला लावलं. पूर्ण नाव असायचं.

मालक पुढे थकला, हॉल विकला. तिथं आता गाद्यांचं दुकान आहे. भूकंप परदेशी मुलाकडे गेला आणि तिथं नातवंडांची झोप उडवतो असं पत्रात लिहायचा. मग पत्रं थांबली. नवी गायिका नेत्रतज्ज्ञाशी लग्न करून सुखात आहे, माझा चष्मा त्याच्याकडचाच.

वन्संचा रे काही वर्षांनी गेला. मग नीसुद्धा. शेवटच्या आजारपणात फक्त सा राहिला होता. हे कीबोर्ड त्यांच्या पलंगापाशी नेत, त्या 'हं' करत आणि हे खाली जिने बांधत. प आला की हेच वाट वाकडी करून दुसरीकडे नेत, बहिणीला उतरावं लागू नये म्हणून. वन्संच्या ते लक्षात यायचं. "लबाड," म्हणायच्या.

त्या गेल्यावर हे कधीमधी नुसता डावा हात वाजवत. सा, कोमल नी, कोमल ध. वर कुणी नसायचं. तेव्हा मी स्वयंपाकघरातून, जमेल तसं, 'हं' करायचे. आता हेही नाहीत.

माझी नात लॅपटॉपवर ताल रचते, काळोखी कॉर्ड लावते आणि दिवसभर कानात इअरफोनची बोंडं घालून डोलते. परवा म्हणाली, "आजी, मला वर एक माणसाचा आवाज हवाय. एकच सूर. तुला जमेल?"

मी म्हटलं, "कोणता सूर ते सांगू नकोस."

तिनं माइक पुढे केला. "फक्त हलू नकोस हं, आजी."

मी तिच्याकडे बघितलं. हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग मी सा धरला. माझ्या खालचे मजले एकेक करून उतरायला लागले.