झोपवून खुणा करू नयेत

पांढऱ्या पेन्सिलीचं टोक गालापासून अर्ध्या इंचावर थांबलं होतं आणि त्याला टेकायला जागा नव्हती — म्हणजे गाल होता, सुन्न करायचं मलम नुकतंच पुसल्यामुळे थोडा तकतकीत झालेला, पण ज्यावर खूण करायची ती रेषाच तिथे नव्हती. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी, तिला पाठ असलेली ती रेषा. डोळ्यांच्या कडेला जो पंखा उघडायचा तोही मिटलेला. तिने दिवा थोडा कलता केला, मग उलट बाजूने केला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण आईला आधी झोपवलं.

या दवाखान्यातल्या पाच वर्षांत ही चूक तिने एकदाही केली नव्हती. नव्या आलेल्या नर्सला पहिल्याच दिवशी ती सांगायची — पेशंटला बसवा, समोर बघायला लावा, मग खुणा करा. आडवं केलं की चेहरा मागे कानांकडे ओघळतो, रेषा जिथल्या तिथे विरून जातात, मग डॉक्टर सुई टोचणार कुठे, तुमच्या डोक्यात? यावर सगळ्या हसायच्या आणि विसरायच्या नाहीत. आज मात्र तिने दार लोटलं, दिवा लावला आणि म्हणाली, "आई, चपला तिथे काढ, इथे पड," आणि आई पडली. काही न विचारता, हात पोटावर ठेवून. आई आपलं असं ऐकते याचंच तिला इतकं नवल वाटलं की पुढचं राहून गेलं.

आणि आता हा चेहरा. डोळे मिटलेला, कुणाचा म्हणावा असा... तिशीतल्या एखाद्या बाईचा, जी दुपारी जरा आडवी झाली आहे आणि जिला कुणी उठवू नये. भुवयांच्या मधली जागा सपाट. तिथे काहीच लिहिलेलं नाही. मी हा चेहरा कधी पाहिला नव्हता, पाहिला असता तर लक्षात राहिला असता — असं तिला वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की आई झोपलेली आपण कधी पाहिलीच कुठे. ती आपल्याआधी उठायची आणि आपल्यानंतर निजायची, सगळ्या आयांसारखी.

त्या सपाट जागेवर दोन उभ्या रेषा असायच्या. डावी लांब, उजवी आखूड. वडील होते तेव्हा म्हणायचे, रूळ दिसले रे, गाडी येतेय, बाजूला व्हा. आणि आपण बाजूला व्हायचो, खरोखर, दाराच्या आड. पण गाडी कधी आली नाही. आईने कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. कारखान्यातून यायची, पिशवी खुंटीला लावायची, हातपाय धुवायची आणि मग समोर उभं करून बघायची. वहीकडे, चित्राकडे, नव्या कापलेल्या केसांकडे, गुडघ्याच्या खरचटण्याकडे, आणि मग तोंडाकडे... डोळे बारीक, कपाळ आखडलेलं, ते दोन रूळ. किती वेळ? चार सेकंद असतील. मग "बरं" म्हणून वळायची. त्या चार सेकंदांत काय चुकलं ते शोधण्यात तिचं सगळं लहानपण गेलं होतं. पहिला नंबर आला तेव्हाही चार सेकंद. लग्न ठरवलं, सांगायला गेली, तेव्हाही. गाडी आली असती तर बरं झालं असतं, निदान कुठे जाते ते तरी कळलं असतं.

"झालं का गं ठके?" आईने डोळे न उघडता विचारलं.

"नाही, अजून सुरूही नाही. ऊठ, बसून करायचं असतं."

"मग झोपवलंस कशाला?"

"चुकलं माझं."

"बरं," आई म्हणाली आणि कोपरावर रेटा देत उठायला लागली. उठता उठता गाल खाली आला, ओठाशी रेषा उतरली, पंखे उघडले, आणि ती तिशीतली बाई खोलीतून निघून गेली.

पंधरा दिवसांपूर्वी आईनेच फोनवर विषय काढला होता. "तुमच्याकडे ते पाण्याचं इंजेक्शन देतात ना... चेहऱ्याला?" पाण्याचं नव्हे, पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचं, तिने सांगितलं, कातडीत वरच्यावर सोडायचं, बारीक सुरकुत्या भरून आल्यासारख्या दिसतात, सहा-आठ महिने टिकतं. आई म्हणाली, परवाच्या फोटोत मी कुणावर तरी खेकसत असल्यासारखी दिसते. मग — "गुंडी माझ्याकडे आली की रडते गं."

गुंडी, तिची लेक, दहा महिन्यांची. या वयात सगळीच मुलं नव्या माणसाला रडतात, हे ती सांगू शकली असती. आणि सांगायला हवं होतं ते वेगळंच — की या इंजेक्शनने गाल मऊ होतील, ओठांभोवतीची चुणी हलकी होईल, पण भुवयांमधल्या त्या दोन रेषा कपाळ आखडलं की पडतात, त्यांच्यावर याचा इलाज नाही, डॉक्टर तिथे ही सुई घालतसुद्धा नाहीत. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. ती म्हणाली, "ये ना. डॉक्टर मॅडमना साठीतला एक चेहरा हवाच आहे, आधीचे-नंतरचे फोटो ठेवायला. फुकट होईल."

का म्हणाली? पंधरा दिवस हा प्रश्न तिने बाजूला सारला होता, गुंडीला भरवताना, भरवलेलं पुसताना, ती निजल्यावर दहा मिनिटं भिंतीला टेकून नुसती बसलेली असताना. खरं म्हणजे तिला ठाऊक होतं. आईला एकदा आपल्या दिव्याखाली बसवायचं होतं. एकदा आपण बघायचं, डोळे बारीक करून, चार सेकंद, आणि तिने विचारायचं, काय चुकलं. आणि मग, ती खाली असताना, आपण विचारायचं... मला लाज वाटते हे कबूल करताना, पण त्या कपाळात सुई जाताना बघावी असंही मला कुठेतरी वाटत होतं, जाणार नाही हे ठाऊक असूनही.

पेन्सिल आता चालू लागली. ओठाच्या कोपऱ्याशी तीन ठिपके, गालावर ओळीने पाच. आईची कातडी हाताखाली पातळ लागली, फार धुतलेल्या सुती कापडासारखी.

"गुदगुल्या होतात," आई म्हणाली.

"हलू नकोस."

"तुझ्या लग्नातसुद्धा माझ्या तोंडाला इतकं कुणी रंगवलं नव्हतं."

डॉक्टर आल्या. कामाला वेगवान, बोलायला मोकळ्या. "या काकू, सिस्टरनी छळलं नाही ना फार? आधी फोटो. सिस्टर, कॅमेरा."

साधा चेहरा. एक. "आता हसा." आई हसली, थोडं जास्तच. दोन. डोळे घट्ट मिटा. तीन. "आता रागवा."

आईने डॉक्टरांकडे पाहिलं. "कुणावर?"

"कुणावरही. माझ्यावर रागवा. कपाळाला आठ्या घालायच्या."

आईने ओठ आवळले. गाल फुगवले. नाक वर ओढलं. कॅमेऱ्याच्या चौकटीत एक म्हातारी बाई वेडावून दाखवत होती आणि तिचं कपाळ स्वच्छ होतं. डॉक्टरांना हसू आलं. "काकू, हा राग आहे का? याला तर माझं मांजरसुद्धा घाबरणार नाही."

"नाही जमत हो. मला ते कधी जमलंच नाही, हे म्हणायचे, तू नुसतीच रडतेस."

कॅमेऱ्यामागे तिचा हात खाली आला. जमलं नाही? मग ते काय होतं? मी दाराच्या आड कुणापासून उभी होते?

"असू दे, काकू," डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाल्या, "तसंही मधल्या त्या रेषांना आपण हात लावणार नाही आहोत. या औषधाने त्या जात नाहीत."

"त्या नाही जात?"

"नाही. सिस्टर बोलल्या असतील की."

आई तिच्याकडे बघत नव्हती, मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "ठाऊक होतं मला."

"म्हणजे मुख्य काम राहिलंच." आईच्या आवाजात तक्रार नव्हती, बाजारातून निघताना एखादी वस्तू मिळाली नाही म्हणावं तसं ती म्हणाली. "असू दे. आलेच आहे तर बाकीचं करा. गुंडीला निम्मी आजी तरी बरी दिसेल."

डॉक्टर खोका उघडत होत्या. पारदर्शक वेष्टनात, टोपण लावलेली, भरलेली सिरिंज. आईने हात पुढे केला. "फोडायच्या आधी बघू का जरा? सवय आहे."

डॉक्टरांनी दिली. आणि आईने ती उचलून दिव्यासमोर धरली, उभी, मग आडवी, मग अंगठ्याने हळूच फिरवली, पुन्हा उभी... आणि दोन्ही रूळ उमटले. डावा लांब, उजवा आखूड. डोळे बारीक. श्वाससुद्धा थांबलेला. एक, दोन, तीन, चार.

"कण नाही. एक बुडबुडा आहे, तो चालतो," आई म्हणाली. "बरं." आणि सिरिंज परत केली.

"घ्या, हाच तर हवा होता," डॉक्टर म्हणाल्या. "काढलात का, सिस्टर?"

कॅमेरा नकळत पुन्हा वर गेला होता, बोट दाबलं गेलं होतं. फोटो आला होता.

आई डॉक्टरांना सांगत होती, बावीस वर्षं हेच केलं हो — इंजेक्शनच्या बाटल्या, समोर अर्धा काळा पडदा, अर्धा पांढरा, मागून दिवा. एकेक बाटली फिरवून बघायची, आत कण आहे का, काचेला केसाएवढा तडा आहे का. वीस मिनिटं बघायचं, मग पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, तशी सक्तीच होती. एक चुकली तर कुणाच्या तरी रक्तात जाणार, कुणाच्या पोराच्या. बाहेर आलं तरी ते सुटत नसे. भाजी घेताना तेच. पोरीकडे बघतानासुद्धा तेच, हे म्हणायचे, अगं ती मुलगी आहे, बाटली नाही...

ती ऐकत होती. आईचा कारखाना तिला ठाऊक होता, काम ठाऊक होतं, शाळेच्या फॉर्मवर तिने स्वतः लिहिलं होतं — तपासनीस. पण आत मुलांना सोडत नसत, आणि बाहेर फक्त पिशवी खुंटीला लावणारी बाई यायची.

म्हणजे राग नव्हता. इतकं सोपं... आणि इतकं सोपं असेल तर हलकं का वाटत नाही? गेल्या आठवड्यातच गुंडीला अंघोळीनंतर टॉवेलवर ठेवून मी खिडकीच्या उजेडात बघत होते, पाठीवर तो लाल ठिपका कालचा की आजचा, डावा डोळा किंचित आत वळतो का, आणि ती हसायची थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिली होती, काही तरी वाचत असल्यासारखी. मी काय केलं होतं तोंडाचं? आपलं तोंड आपल्याला कुठे दिसतं.

"झोपा आता काकू. आणि आता बोलायचं नाही. सिस्टर, डोकं धरा."

आई आडवी झाली. चेहरा मागे ओघळला, पण आता त्यावर पांढरे ठिपके होते, रेषा कुठे होत्या ते सांगणारे. तिने तळहात आईच्या कपाळावर ठेवला. पहिली सुई गालात गेली. डास चावल्यासारखी एक लहानशी गाठ वर आली, आत पाणी धरून बसलेली, उद्या-परवा जिरेल. दुसरी. तिसरी.

तीस वर्षं घडी घालून ठेवलेला प्रश्न होता — माझ्यावर कशाचा राग होता? तो आता उभा राहत नव्हता. त्याच्या जागी दुसराच आला होता आणि तो पहिल्याहून जड होता. चार वर्षांची मी, नऊ वर्षांची, लग्न ठरवून आलेली — मला उजेडात धरून एवढं फिरवून पाहिलंस, तर काय दिसलं? कण होता? की काही नव्हतं, आणि तरी प्रत्येक संध्याकाळी तू पुन्हा बघत होतीस, कारण कालचं पाहणं आज पुरत नाही... आईला आता बोलता येणार नव्हतं. आणि तिला स्वतःलाही या दोन्हींतलं कुठलं उत्तर ऐकायचं आहे ते कळत नव्हतं.

तळहाताखाली कपाळ हललं. प्रत्येक टोचणीला भुवयांमधलं ते मांस गोळा व्हायचं आणि सुटायचं, गोळा व्हायचं आणि सुटायचं. अशा वेळी अंगठ्याने ते सपाट करायचं असतं, पेशंटला बरं वाटतं, हाताला ते ठाऊक होतं. तिने अंगठा उचलला. तळहात तेवढा तिथे राहू दिला, अगदी हलका, त्या कपाळाला हलता येईल इतका.

"दुखतंय?"

"ऊंहूं," आई मिटल्या ओठांनी म्हणाली.