जाड कागदाचा कप्पा

“छापून झालं की प्रिंटर होता तसा करून ठेव. आपल्यामागून येणाऱ्याला आपला पसारा दिसता कामा नये.” मॅक्रो, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञा, लिहायला शिकवताना थोरल्या बहिणीने, अक्काने, तिला बजावलं होतं.

म्हणून तिच्या मॅक्रोची शेवटची ओळ ठरलेली असे. एक बटण दाबलं की वर्डमधली प्रमाणपत्रं कार्यालयाच्या मागच्या खोलीतल्या प्रिंटरवर, जाड कागदाच्या कप्प्यातून निघत. शेवटच्या ओळीने संगणकावर पुन्हा रोजचा प्रिंटर निवडला जाई.

त्या दिवशी एका प्रमाणपत्रावर नाव चुकलेलं दिसलं. तिने घाईने मॅक्रो मध्येच थांबवला, नाव सुधारलं आणि उरलेली नंतर छापू म्हणून जेवायला उठली. शेवटची ओळ चाललीच नव्हती.

मग त्याच संगणकावर तात्या बसले. निवृत्तीला टेकलेले, एका बोटाने टाइप करणारे. त्यांचा लांबलचक अहवाल मागच्या खोलीत, प्रमाणपत्रांसाठी राखलेल्या कागदावर छापून पडला. समारंभ तोंडावर, आणि कप्पा रिकामा.

“तात्या, अहवाल छापलात की लग्नपत्रिका?” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, तात्याही. साहेब तेवढे हसले नाहीत. “उद्यापासून तुम्ही टपाल बघा. संगणकाला हात लावायचा नाही.”

ती पडद्याकडे बघत राहिली. तिथे अजून मागच्या खोलीतला प्रिंटरच निवडलेला होता; चूक कुणाची ते दिसत होतं.

“माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल,” नंतर पाणी पिताना तात्या म्हणाले. “पण पोरी, या वयात शिकलो गं हे. नात रोज विचारते, आजोबा, आज काय टाइप केलंत? आता काय सांगू तिला?”

“मी बोलते साहेबांशी. शब्द देते.” तिच्या मनात तेव्हा नुसती रदबदली होती. वय झालंय, सांभाळून घ्या, एवढंच.

“तू आहेस म्हणून बरं,” ते म्हणाले. ते तिला फार लागलं.

सकाळी ती देवासमोर बसली. रोजचे शब्द सवयीने आले, पण ‘क्षमा कर’पाशी जीभ अडली. ही क्षमा इथे मागून भागणार नव्हतं.

कार्यालयात तात्या टपालाच्या टेबलाशी उभे होते, खुर्ची कुठे ओढावी ते न कळून. तिने पर्स ठेवली. संगणक सुरू न करताच साहेबांच्या दाराशी गेली आणि हलकेच विचारलं, “आत येऊ?”