दवाखान्यावरचं नाव

लॉर्ना हॅस्केटनं वडिलांचा आवाज रेडिओवर ऐकला तेव्हा ती मुरंब्यासाठी पीच सोलत होती. गव्हर्नर हॅस्केटना जाऊन बरीच वर्षं झाली होती. गिरणीमालकांचा विरोध असताना काळ्या लोकांच्या वस्तीत दवाखाना उभारणारा माणूस म्हणून राज्यानं त्यांना डोक्यावर घेतलं होतं, दवाखान्याला नावही त्यांचंच दिलं होतं, त्यामुळे पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. मग शब्द कानात शिरले.

त्यांचा एक मित्र फोनवरची बोलणी टेप करून ठेवायचा. तो वारल्यावर मुलांनी त्या टेपा विद्यापीठाला दिल्या, आणि आता त्यातली एक साऱ्या राज्यात वाजत होती. दवाखाना मागायला आलेल्या तीन काळ्या बायकांबद्दल तिचे वडील सांगत होते, "हातमोजे-बितमोजे घालून आल्या होत्या रे. सर्कशीतली जनावरं सजवून आणावी ना, तशा. गेल्यावर सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या मी. देऊन टाकतो दवाखाना, नाहीतर त्यांचे रोग घेऊन आपल्या दारात यायच्या." आणि मग हसणं. लहानपणी झोपताना गोष्टी सांगून ते असेच हसायचे.

थोड्या वेळानं धाकट्या भावाचा, क्लेचा फोन आला.

"कुणाशी काही बोलू नकोस. आठवड्याभरात लोक विसरतात."

"क्ले, ते बाबाच होते."

"खासगी बोलणं होतं ते. खासगीत माणूस काय वाट्टेल ते बोलतो."

"आपल्याशीही ते घरातच बोलायचे ना? मग तेही असंच सोडून द्यायचं का?"

क्लेनं फोन ठेवून दिला.

त्या तिघींपैकी आता एकच हयात होती, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली ओडेसा टिलरी. लॉर्ना गावाच्या पलीकडच्या बाजूला तिच्या घरी गेली. म्हातारी ओसरीवर शेंगा सोलत बसली होती.

"मिसेस टिलरी, मी लॉर्ना हॅस्केट."

"माहीत आहे. बापाचंच नाक आहे तुला. बस ना, उभी का?" ओडेसानं खुर्चीवरचं मांजर हाकललं. "माफी मागायला आलीस?"

"हो."

"बोलला तो, आणि माफी तू मागणार. ती घेऊन मी ठेवू कुठे?"

 लॉर्नानं टोपलीतल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलायला लागली.

"तुला धक्का बसलेला दिसतोय," ओडेसा म्हणाली. "आम्हाला तेव्हाच कळलं होतं गं. जिन्यातच होतो, तोवर वर खिडक्या उघडल्याचा आवाज आला. आमच्यातली रूबी मागे फिरली, म्हणे, जाऊन तोंडावर बोलते. व्हर्नेलनं तिचा हात धरला. म्हणाली, 'चल खाली, आपल्याला दवाखाना हवाय, त्याचं प्रेम नकोय.'"

"मग इतकी वर्षं तुम्ही बोलला कशा नाहीत?"

"बोललो की. आमच्या घरांत बोललो, आमच्या चर्चमध्ये बोललो. तिथं तुम्ही कुणी नव्हता." ती जराशी हसली. "आणि त्यानं दवाखाना 'दिला' म्हणतात ना, ते जरा तपासून बघ. व्हर्नेलनं दारोदार फिरून सगळ्यांना सांगितलं, दवाखाना नाही तर मत नाही. निवडणूक तोंडावर आली तेव्हा कुठे कागद हलला."

निघताना लॉर्नानं विचारलं, "मी काय करू?"

"मंगळवारी काउंटीची सभा आहे, दवाखान्याच्या नावाबद्दल. टेप लावणार आहेत. तू ये आणि पूर्ण ऐक. पुढचं तुझं तू बघ."

मंगळवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेप वाजली. दुसऱ्यांदा ऐकूनही लॉर्नाचे कान तापले. गिरणीतला जुना मुकादम होबार्ट उठून म्हणाला, "तो काळच तसा होता. सगळेच तसं बोलायचे."

लॉर्ना उभी राहिली. तिनं पुढचा बाक धरला.

"होबार्टकाका, त्याच काळात मिसेस टिलरीही होत्या. त्याच खोलीत होत्या. त्या तसं बोलत नव्हत्या." ती थांबली. "माझ्या वडिलांनी मला जीव लावला. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण हा आवाज त्यांचा आहे, हसणंही त्यांचंच आहे. ज्यांना ते हसले त्यांनी आजारपणात त्यांच्याच नावाच्या पाटीखालून आत जावं, हे मला नको. दवाखाना ज्यांनी मिळवला त्यांचं नाव द्या."

क्ले उठून बाहेर निघून गेला. पाटी बदलायचा ठराव एका मताच्या फरकानं मंजूर झाला. ओडेसाचं नाव सुचवल्यावर ती म्हणाली, "मी अजून जिवंत आहे, घाई करू नका. व्हर्नेलचं द्या."

व्हर्नेल स्टोक्स दवाखान्याची पाटी लागली त्या दिवशी अंगणात तंबू ठोकला होता आणि कढईत मासे तळले जात होते. रस्त्यापलीकडे क्लेची गाडी येऊन थांबली. सभेनंतर तो बहिणीशी एक शब्द बोलला नव्हता. गाडीला टेकून तो नुसता बघत राहिला. लॉर्ना पुढे होणार, एवढ्यात ओडेसानंच हाक मारली.

"अरे ए हॅस्केट, उन्हात काय उभा? मासे गार होतायत."

क्लेनं इकडेतिकडे पाहिलं, टोपी काढली आणि रस्ता ओलांडून आला. ओडेसानं त्याच्या हातात ताटली दिली. त्यानं पुटपुटत आभार मानले आणि खाली मान घालून खाल्लं. अर्धी ताटली संपल्यावर तो हळूच बहिणीला म्हणाला, "ती टेप मी अजून पूर्ण ऐकलेली नाही. सभेतही नाही. आत बसून कान बंद केले होते मी."

"एकट्यानं ऐकू नकोस," लॉर्ना म्हणाली. "घरी ये. दोघं मिळून ऐकू."

"रविवारी येऊ?"

"ये. जेवायलाच ये."