क्लूनामकचा दगड

डिंप्नानं तीस वर्षं आयर्लंडच्या त्या भागात सायकलवरून टपाल वाटलं होतं. म्हणून चर्चच्या हद्दीतल्या वाड्यांच्या नावांचे दगड बसवायचं काम गावच्या समितीनं तिच्याच गळ्यात घातलं. प्रत्येक दगडावर वाडीचं जुनं आयरिश नाव आणि खाली त्याचा अर्थ. सव्वीस दगड बसले. सत्ताविसावा अडला, कारण तो ज्यात बसवायचा त्या आपल्या शेताच्या दगडी गडग्याला मॅलकी टार्पी कुणाला हात लावू देईना.

समितीच्या यादीत होतं: क्लूनामक, म्हणजे डुकरांचं कुरण. मॅलकीचं म्हणणं, तो शब्द डुकराचा नाहीच, धुराचा आहे. तिथं पूर्वी चुनाभट्टी होती.

डिंप्ना त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. त्यानं चहा ओतला, पावाला लोणी लावून तिच्यापुढं सरकवलं.

"मॅलकी, भट्टी पलीकडच्या वाडीत होती. तिचे पडके दगड मी रोज बघायचे."

त्यानं आपल्या चहात साखर ढवळली. म्हणाला, "धुराचा अर्थ आईनं काढला. मी सात वर्षांचा होतो. शाळेत पोरं वाडीच्या नावावरून चिडवायची, म्हणून गोठ्यात दडून बसलो होतो. ती म्हणाली, त्या येड्यांना आयरिश कुठं येतं? आपली वाडी धुराची. जा, सांग त्यांना."

"सांगितलंस?"

"सांगितलं. मग ती डुकरासारखी ओरडून वर धूर लागल्यासारखी खोकायलाही लागली."

डिंप्नाला हसू फुटलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. "त्यांच्यात मीही होते."

"माहीत आहे. हुबेहूब आवाज तुझाच यायचा."

"इतकी वर्षं तुझ्या दारात येत होते. एका शब्दानं बोलला नाहीस."

"पत्रं वेळेवर यायची. मग कशाला बोलू?"

"चुकलंच माझं, मॅलकी."

त्यानं तिच्या कपात आणखी चहा ओतला. तिनं पाव खाल्ला, मग म्हणाली, "समितीला सांगते, अर्थ गाळा. नुसतं नाव पुरे."

"नको," तो म्हणाला. "आई माझ्यापुरतं खोटं बोलली. ते दगडावर कशाला? डुकरांचंच लिही."

शनिवारी दगड बसला. सिमेंट मॅलकीनंच कालवलं. दगड जरासा कलला होता; डिंप्ना म्हणाली, सिमेंट ओलं आहे तोवर सरळ करू.

"असू दे," तो थापी पुसत म्हणाला. "वाचता येतोय."